हणमंतप्पाचं मनगट

येरमाळा,
८ नोव्हेंबर १९८७

प्रिय केशर,
सप्रेम जयभीम.

तुझं मस्कतचं पत्र मिळालं. सोबतची जाहिरातीची दोन रंगीत पानंही मिळाली. पोस्टमननं ती आधी स्वतः बघितली असावीत. देताना विचारतो, "सचिवसाहेब, फॉरेनचं घड्याळ घेणार का?" म्हटलं, मी नाही, मंडळी घेणार आहेत.

तू लिहितेस, "यातलं कुठलं घेऊ ते तुम्ही सांगा." लग्नाला इतकी वर्षं झाली, साडी कुठली घ्यावी हे तू मला कधी विचारलं नाहीस. आता समुद्रात बुडताना मनगटावर काय बांधावं ते विचारतेस.

मला समजलं ते असं. पाठीवर हवेची टाकी बांधून माणूस समुद्राखाली गेला की हवेतला नायट्रोजन त्याच्या अंगात मुरत जातो. जितकं खोल जाल, जितका वेळ थांबाल, तितका जास्त. मग घाईनं वर आलं तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे अंगातच बुडबुडे होतात. हे यंत्र खोली मोजतं, वेळ मोजतं आणि अजून किती थांबता येईल ते सांगतं. कॉम्प्युटर म्हणतात त्याला. मी औरंगाबादेत एका हापिसात कॉम्प्युटर बघितला होता, त्याला स्वतंत्र खोली अन् थंड हवा लागत होती. तो आता मनगटावर आला म्हणायचा.

तू जातेस ती फक्त ईदच्या सुट्टीत, दवाखान्यातल्या लोकांबरोबर. सुट्टीपुरत्या हौसेला एवढं यंत्र कशाला, असं लिहिणार होतो. पण पुढं तुझं एक वाक्य आहे. "आतापर्यंत मी हणमंतप्पांच्या मनगटावर बघूनच खाली-वर करत होते."

हे वाक्य तू सहज लिहिलंस. मला ते सहज वाचता आलं नाही.

आज दूध संस्थेत मी आबारावला समोर उभं केलं. तोच आपला, दूध मोजून घेणारा. म्हटलं, घड्याळाचा हात वर धर. दोन हातांवरून मला काटे दिसेनात. एका हातावरून दिसले, पण वाचता येईनात. अजून पुढं सरकलो तर तो मागं सरून म्हणाला, "साहेब, मिठी मारता का काय?" सगळे उत्पादक हसले. मीपण हसलो.

हा हणमंतप्पा कोण? एक्स-रे काढतो आणि अक्कलकोटकडचा आहे, एवढंच तू मागं कळवलं होतंस. लग्न झालंय का त्याचं?

इकडं टँकर येईल तेव्हा येतो. संस्थेचं दूध निम्म्यावर आलंय. मायचे गुडघे दुखतात, तरी जनावरांच्या छावणीत शेण भरायला जाते. ऐकत नाही.

माझं मत विचारशील तर कुठलंच घेऊ नकोस. जुलैत तुझा करार संपतो, तू येतेस. इथं घागर बुडेना, माणूस कुठं बुडायला जाणार?

तुझा,
पिराजी


येरमाळा,
२० डिसेंबर १९८७

प्रिय केशर,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र चांगलं दोन पानी आहे. त्यात समुद्रातल्या माशांचे रंग आहेत, दवाखान्यातल्या नव्या मेट्रनचा स्वभाव आहे, मायच्या गुडघ्यांसाठी मलम पाठवतेस ते आहे. जुलैबद्दल एक अक्षर नाही. हणमंतप्पाच्या लग्नाबद्दल एक ओळ आहे: "नाही झालं, पण तुम्हाला काय करायचंय?"

मला काय करायचंय ते मी केलं. डिक्शनरी घेऊन यंत्रांची ती दोन्ही रंगीत पानं वाचून काढली. संस्थेत काम कमी आहे, दूधच नाही.

पहिलं यंत्र काळं, चपटं, दिसायला देखणं. ओल्या बोटांनी त्यावरचे दोन खिळे दाबले की सुरू होतं. पाण्याखाली जास्त वेळ थांबू देतं. पण सेल संपला तर यंत्र कंपनीकडं पाठवावं लागतं. दुसरं जाडजूड, ओबडधोबड, तुझ्या बारीक मनगटावर वीट बांधल्यासारखं दिसेल. त्यातले आकडे मोठे. ते वेळ कमी देतं, लवकर वर काढतं. भरभर वर यायला लागलं की ओरडतं. सेल आपला आपल्याला बदलता येतो.

तुझा कल पहिल्याकडं आहे. का, तर हणमंतप्पाकडं तेच आहे आणि "दोघांची सारखी असली म्हणजे एकमेकांचं वाचायला सोपं." केशर, आपल्या लग्नात मामांनी आपल्या दोघांना एकसारखी घड्याळं दिली होती. तुझं बंद पडलं ते तू दुरुस्त केलं नाहीस. माझं मी अजून घालतो.

तू दुसरं घे. जो माणूस वर्षात एकदोनदाच उतरतो त्याला सवय नसते. त्याला सोपे आकडे पाहिजेत, ओरडणारं यंत्र पाहिजे, आणि मुदतीच्या आधीच वर काढणारं पाहिजे. रोज उतरणाऱ्याला पहिलं चालेल. तू काही रोज उतरत नाहीस. ही झाली सांगायची कारणं. न सांगायचं कारण असं की त्याच्या हातात जे आहे ते तुझ्या हातात मला नको.

आधीच्या पत्रात कुठलंच घेऊ नको म्हणालो होतो, आता घे म्हणतोय. तुला हसू येईल. पण तुझं स्वतःचं असलं म्हणजे दुसऱ्याच्या हाताकडं बघायची गरज राहणार नाही, हे मला उशिरा सुचलं.

मलम घेऊन तोच येणार आहे म्हणतेस, सुट्टीवर. येऊ दे. पत्ता बरोबर दे त्याला.

तुझा,
पिराजी


येरमाळा,
१७ जानेवारी १९८८

केशर,

हणमंतप्पा येऊन गेला.

सोलापूरच्या एस.टी.नं आला. मी स्टँडवर उभा होतो. उतरणाऱ्यांत तो ओळखायला वेळ लागला नाही. उंच, खांदे रुंद, अन् मनगटावर ते काळं यंत्र. येरमाळ्यात! चहाच्या टपरीवरची पोरं बघायला लागली. मी म्हटलं, इथं कशाला घातलंय, रस्त्यावरची धूळ मोजायला? तो म्हणाला, "सवय हो. काढलं की हात हलका वाटतोय."

मायला तो आल्या आल्या आवडला. वाकून पाया पडला, मलम कसं चोळायचं ते स्वतः खाली बसून दाखवलं. माय म्हणाली, "केशरीचं बरं हाय का रं बाबा तिकडं? जेवती का नीट?" तो म्हणाला, "जेवतात की. आता हातपण बरा आहे."

मी विचारलं, "कुठला हात?"

त्याचा चेहरा उतरला. "सिस्टरनी लिहिलं न्हाय का?"

मग मायला चहा ठेवायला पाठवून मी त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. गेल्या ऑगस्टात, बकरीदच्या सुट्टीत तू सकाळी दुसऱ्या लोकांबरोबर एकदा उतरलीस. दुपारी पुन्हा त्याच्याबरोबर गेलीस आणि त्याच्या मनगटावरचा आकडा बघून थांबलीस. तो सकाळी उतरलाच नव्हता. त्याच्या यंत्राला तुझ्या सकाळचं काय माहीत? ते आपल्या मालकाचंच मोजत होतं. संध्याकाळी तुझा कोपर अन् खांदा असा धरला की तुला हात उचलेना. ऑक्सिजन लावून निजवलं. तुझ्याच दवाखान्यात, तुझ्याच वॉर्डात.

त्या महिन्यात तू मला लिहिलं होतंस, "पत्राला उशीर झाला, काम फार होतं." ते पत्र मी काढून बघितलं. अक्षर वाकडं आहे. मी तेव्हा म्हटलं होतं, घाईत लिहिलंय.

तुझा हात दुखला याचं मला वाईट वाटलं, हे मी सांगायला नको. पण केशर, तो माणूस माझ्या घरात माझ्या मायच्या हातचा चहा पीत बसला होता आणि माझ्या बायकोचा कुठला हात दुखतो हे त्याला माहीत होतं अन् मला नव्हतं. त्या क्षणी मला त्याचा जो राग आला तो मी कसा गिळला, मलाच ठाऊक.

मी सरळ विचारलं, "तिचं यंत्र, तिचा हात, तिचं जेवण. तुमचा एवढा जीव का हो त्यात?"

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "पिराजीराव, सिस्टर एकदा खाली गेल्या की वर यायला बघत न्हाईत. मी खुणा करतो, त्या मान फिरवतात. मग मला माझं यंत्र बघायचं भान राहत न्हाय, त्यांच्याकडंच बघत बसावं लागतं. हे माझ्यासाठी बरं न्हाय. म्हणून सांगतो, त्यांना स्वतःचं घ्यायला लावा. माझ्यासारखं नको. ते दुसरं, ओरडणारं घेऊ द्या. माझं त्या ऐकत न्हाईत."

'माझ्यासाठी बरं न्हाय' हे तो कसं म्हणाला ते मी इथं लिहू शकत नाही. पण मी पुरुष आहे, मला कळलं. त्यालाही कळलं की मला कळलं. परतीच्या एस.टी.पर्यंत आम्ही दोघं पावसापाण्यावर बोलत गेलो, म्हणजे नसलेल्या पावसावर.

वाईट माणूस असता तर बरं झालं असतं.

पिराजी


येरमाळा,
२८ फेब्रुवारी १९८८

केशर,

मुद्दाम लिहिलं नव्हतं. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले.

तू म्हणतेस हणमंतप्पानं चहाडी केली. म्हणतेस, हात दुखल्याचं कळवलं असतं तर मी पहिल्या विमानानं परत ये म्हणालो असतो. हो, म्हणालो असतो. नवऱ्यानं दुसरं काय म्हणायचं असतं?

आणि शेवटी, सहीच्या वरच्या ओळीत लिहितेस, करार आणखी वाढवून घ्यायचा विचार आहे. म्हणजे मी नोव्हेंबरपासून ज्या यंत्राची पानं चाळतोय ते यंत्र नव्हतंच. परत येणारी बाई समुद्रात उतरायचं सामान घेत नाही, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. कळलं होतं. मान्य करायचं नव्हतं.

तू मला कुठलं घेऊ विचारत होतीस, राहू का हे विचारत नव्हतीस.

आता माझं ऐक. यंत्र घे नाहीतर नको घेऊ. पण हणमंतप्पाबरोबर उतरायचं नाही. तो असेल त्या बोटीत बसायचं नाही. लोक विचारतात, "बाई कधी येणार?" मी म्हणतो, जुलैत. आता काय सांगू? बाईला पाणी आवडतं म्हणून सांगू? इथं लोक टँकरमागं धावताना बघून सांगू?

आणि एक सांग. खाली असं काय आहे की वर यावंसं वाटत नाही? काय आहे ते मला कळू दे तरी.

पिराजी


येरमाळा,
१० एप्रिल १९८८

प्रिय केशर,
सप्रेम जयभीम.

आंबेडकर जयंतीची वर्गणी गोळा करायला पोरं आली होती, ती गेल्यावर तुझं पत्र पुन्हा काढून बसलो. त्यातला हा भाग मी इथं उतरवतो, कारण मला तो स्वतःच्या हातानं लिहून बघायचा आहे.

"तामलवाडीला मी लहान असताना आईबरोबर विहिरीपासून लांब घागर ठेवून उभी राहायचे. कुणाला दया आली तर ती वरून ओतायची. एकदा मी काठावर जाऊन आत डोकावले, तर बाया अशा ओरडल्या की मी घागर टाकून पळाले. आत पाणी कसं दिसतं ते राहूनच गेलं. इथं तिसाव्या वर्षी पोहायला शिकले. खाली गेले की पाणी डोक्यावर असतं, पायाखाली असतं, चहूकडं असतं, आणि 'लांब हो' म्हणणारं कुणी नसतं. सिस्टर, पाणी द्या, सिस्टर, सुई द्या, असंही कुणी म्हणत नाही. म्हणून वर यावंसं वाटत नाही. यात हणमंतप्पांचा काही संबंध नाही. जोडीदाराशिवाय उतरू देत नाहीत, म्हणून ते असतात. ते नसतील तर दुसरं कुणी असेल. तुम्हाला पोहता येत असतं तर तुम्ही असता."

केशर, मला पोहता येत नाही ते का येत नाही हे तुला माहीत आहे. आमच्या वर्गातली सगळी पोरं सुट्टीत पाटलाच्या मळ्यातल्या विहिरीत उड्या मारायची. मी त्यांचे कपडे राखत बसायचो. राखणदार म्हणून नेत होते मला, अन् मी जातपण होतो.

मला वाटलं होतं हे वाचून माझा राग जाईल. गेला नाही. फक्त त्यानं माणूस बदलला. आता हेवा हणमंतप्पाचा वाटत नाही, म्हणजे वाटतो, पण थोडा. खरा हेवा तुझा वाटतो. आपण दोघं एकाच काठावरची माणसं. तू आत गेलीस. मी अजून कपडे राखतोय.

त्याच्या बोटीत बसायचं नाही असं लिहिलं होतं ते खोडतो. अनोळखी माणसाबरोबर उतरण्यापेक्षा तो बरा, तो बघतो तरी.

यंत्राचं मत बदललेलं नाही. दुसरंच घे. तो म्हणतो म्हणून नव्हे आणि मला तो खुपतो म्हणूनही नव्हे. तुझा हात दुखून झालाय, तुला वर यायची इच्छा नसते, आणि वर्षात दोनदाच जातेस. अशा माणसाला ओरडणारंच पाहिजे.

कराराचं तू ठरव. पण ठरवून झाल्यावर कळवू नकोस, ठरवताना विचार.

तुझा,
पिराजी


येरमाळा,
४ सप्टेंबर १९८८

प्रिय केशर,
सप्रेम जयभीम.

सुट्टी संपवून तू परत गेल्यावर घर लई मोकळं झालंय. माय दोन भाकरी जास्तीच्या थापते अन् मग मलाच खायला लावते.

तू आलीस तेव्हा तुझ्या मनगटावर ते जाड यंत्र बघून मी आतून केवढा खूश झालो होतो, ते दाखवलं नाही. मग पहिल्याच जेवणात तू सांगितलंस की एक वर्षाच्या करारावर सही करून आलेय. विचारायचं ठरलं होतं, तू विचारलं नाहीस. मी ताटावरून उठलो. आठवडाभर आपण दोघं मायमार्फत बोललो. "तेला म्हणावं," "तिला म्हणावं." शेवटी मायच म्हणाली, "म्या काय पोस्टमन हाय व्हय रं तुमचा?"

त्या दिवशी तू तलावावर चला म्हणालीस तेव्हा मला वाटलं भांडायला नेतेस. यंदा पाझर तलाव काठोकाठ भरलेला, शेरडं राखणारी माणसं वर बसलेली, अन् तू पंजाबी ड्रेस खोचून सरळ आत उतरलीस. मला हाक मारलीस. मी म्हटलं, लोक बघतायत. माय आपली काठी टेकवत मागनं आलेलीच होती. ती म्हणाली, "बघू दे की. बहात्तरच्या दुष्काळात ह्या तळ्याची माती म्या डोक्यावर व्हायली हाय. तवा कुणी बघाय आलं न्हवतं. उतर."

मी उतरलो. तू माझ्या हनुवटीखाली हात धरलास आणि म्हणालीस, "मान ढिली सोडा, पाणी धरतंय तुम्हाला." मला काही धरलं नाही. नाकातोंडात पाणी गेलं, मी तुझ्या केसांना धरून वर आलो. शेरडंवाले खदाखदा हसले. तूपण हसलीस. तुझं हसणं मी इतक्या जवळून किती दिवसांनी ऐकलं, त्याचा विचार तू करू नकोस, मी पुष्कळ केलाय.

आता सांगायचं ते हे. तू गेल्यावरही मी रोज सकाळी दूध गाडीत चढवून तलावावर जातो. आबाराव सोबत येतो. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचो, तो परवा सोडला. काल मी डब्याशिवाय, पाय न टेकता, सांडव्याच्या भिंतीपर्यंत गेलो. आबाराव काठावरून चालत चालत ओरडत होता, "साहेब, तुमाला काय झालं तर दुधाचा पगार कोण काढणार?" भिंत धरली तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती. इतका आनंद झाला की तुला ओरडून सांगावं वाटलं, आणि मग एकदम राग आला, की तू तिकडं आहेस.

मी तिथपर्यंत कधी येईन, येईन का नाही, सांगता येत नाही. पासपोर्ट काढायचा म्हणतोय. तू एका वर्षानं येशील का पुन्हा सही करशील, तेही मला माहीत नाही. मी तुला ये म्हणणार आहे, दर पत्रात म्हणणार आहे. तू रागावू नकोस आणि लगेच ऐकूही नकोस.

पण एक कर. सुट्टीत ज्या दिवशी उतरायचं असेल, तो दिवस मला आधी कळव. त्या दिवशी माझं कामात लक्ष लागणार नाही, ते राहू दे. संध्याकाळी किनाऱ्यावर आलीस की कपडे बदलायच्या आधी कुणाला तरी पोस्टात पाठव आणि तार कर.

लांबलचक नको. "वर आले" एवढंच लिही.

तुझा,
पिराजी